नाना, तुमचं ते ‘सांगता येत नाही’

नाना, तुमच्याविषयी लिहायला बसलोय, आणि हे तुम्हाला चाललं असतं की नाही ते मला ठाऊक नाही. म्हणून आधीच क्षमा मागतो. ज्याला विषय माहीत आहे त्यानंच लिहावं, असं तुम्ही म्हणायचात. मला तुमच्याबद्दल जे काही माहीत आहे ते सगळं त्या एका खोलीतलं. तुम्ही नोकरी कुठं कुठं केलीत, काकू कधी गेल्या, जर्मन वाचायला तुम्हाला कुणी शिकवलं, यातलं मला काहीच लिहिता येणार नाही. तुमच्या लेक सुमनताई म्हणाल्या, "काशिनाथ, बाबांच्या संग्राहक मित्रांचं पत्रक निघतं, त्यात तू लिही. शेवटी शेवटी तूच जास्त यायचास." मी नाही म्हणालो. मग हो म्हणालो. घरी पोचल्यावर वाटलं, नाहीवरच राहायला हवं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मी तुमच्यावर चिडलेलो आहे. गेलेल्या माणसावर लिहिताना असं लिहितात का, मला माहीत नाही. पण तुमच्यासमोर गोड बोलायची माझी सवय तुम्हीच मोडलीत, तेव्हा आता ऐकून घ्या.

तुमची खोली मला आठवते ती हलणारीच. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत खाली रशीदचाचांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, वर तुम्ही. फरशीला सतत थरथर, पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं. मी पहिल्यांदा इंग्रजी शिकायला आलो तेव्हा तुम्ही पुस्तक माझ्यापुढे धरलंत आणि पान हलायला लागलं. मला वाटलं, म्हातारपणानं हात कापतोय. मी बघतोय हे तुम्ही बघितलंत. "हात नाही रे, घर कापतंय," म्हणालात.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी इंग्रजीत दोनदा आपटलेला. तुम्ही कॉलेजचं पुस्तक बाजूला सारलंत आणि तुम्ही जमवायचात त्यातल्या एका जुन्या जर्मन पदकाचं वर्णन असलेला इंग्रजी कागद हातात दिलात. "हे मराठीत सांग." चौकट, गाभा, पिन, मुकुट, ओकची पानं. ओक म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. "आपल्याकडे नसतो. आपटा समज आणि पुढे चल," म्हणालात. मी तसंच समजलो. अजूनही ओकचं पान म्हटलं की मला आपट्याचंच दिसतं. पण त्या वर्षी मी इंग्रजीत पास झालो. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसते हे खरं, पण मी प्रयत्नही केला नाही.

नाक्यावरची वीज गेली की सगळा मोहल्ला शिव्या द्यायचा. तुम्ही मात्र लगबगीनं उठायचात. लूम थांबले की टेबल स्थिर व्हायचं, आणि टेबल स्थिर झाल्याशिवाय भिंगाखाली काही बघायचं नाही हा तुमचा नियम. खिडकी उघडायची, रशीदचाचांच्या लूमवरच्या कोऱ्या कापडाचे शिवलेले हातमोजे चढवायचे, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक काढायचं. जिन्यातून चाचा ओरडायचे, "नानासाब, हमारा माल अटका, आपकी ईद हो गई!" तुम्ही वरून म्हणायचात, "चाचा, थोडी देर और गुल रहने दो."

तो मुंबईचा दलाल आठवतो? मखमली डबीत जर्मन लोखंडी क्रॉस घेऊन आला होता. "ओरिजिनल है नाना, सीधा बर्लिन से आया." तुम्ही क्रॉस हातात घेतलात, आडवा धरलात, कडेवरून भिंग फिरवलंत आणि डबीत परत ठेवलात. "बर्लिनहून आला असेल. पण बर्लिनला मुरादाबादहून गेला असणार." तो हसला, चहा प्यायला आणि तो क्रॉस बहुधा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायला निघून गेला. मग तुम्ही मला शिकवलंत. खरा लोखंडी क्रॉस एका तुकड्याचा नसतो. मध्ये काळा लोखंडी गाभा, त्याला पुढून-मागून चांदी, आणि पुढची नि मागची बाजू जिथे मिळते तिथे कडेला केसाएवढी फट. स्वस्तातला नकली एकसंध ओतलेला असतो, त्याला फट नसते. "आधी कड बघ. तोंड सगळ्यांचंच छान असतं." मग मागची बाजू, पिनेजवळ घडवणाऱ्याचा बारीक शिक्का. मग आकडे, मुकुटावरचे मणी. कैसरच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या, काळातलं तेवढं तुम्ही भिंतीवर लावायचात. हिटलरच्या काळातली पदकं एका बिस्किटाच्या डब्यात. मी कारण विचारलं तर म्हणालात, "ती ओळखता आली पाहिजेत. मिरवायची नाहीत."

हे सगळं तुमच्याकडून शिकलो नसतो, तर मी आमच्या घरातला क्रॉस तुमच्याकडे आणलाच नसता. आणला नसता तर बरं झालं असतं का, हेही आता मला सांगता येत नाही. बघा, तुमचे शब्द माझ्या तोंडी बसले.

पत्रक वाचणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्या वडिलांचे चुलते धाकूआजोबा. वळ गावाच्या पुढच्या आमच्या गावातून दुसऱ्या महायुद्धात गेले, ते बंदूक घेऊन नव्हे, खेचरं हाकायला. इटलीच्या डोंगरांत वर दारूगोळा न्यायचा आणि खाली जखमी आणायचे. एकदा एक जखमी, म्हातारासा जर्मन अधिकारी त्यांनी खेचरावर घालून खाली आणला. त्यानं छातीवरचा क्रॉस काढून यांच्या हातात ठेवला. एवढीच गोष्ट. ती ते मरेपर्यंत सांगत होते, आणि गाव त्यांना मरेपर्यंत हसत होतं. कुणी म्हणायचं, विडीच्या बंडलावर घेतला असंल. कुणी म्हणायचं, जत्रेतला हाय. आमच्याकडे ॲल्युमिनियमलाच जर्मन म्हणतात, त्यामुळे बायका म्हणायच्या, "जर्मनचा बिल्ला म्हंजे टोपाच्या झाकनाचा काय गं?" वर शाळेच्या मास्तरांनी एकदा तो हातात घेऊन वाचला. त्यावर १९१४ लिहिलेलं. "धाकू दुसऱ्या लढाईत गेला आणि बिल्ला पहिल्या लढाईचा कसा?" झालं. त्या दिवसापासून धाकू खोटारडा.

माझे वडील लहानपणी पोरके झाले, त्यांना धाकूआजोबांनी वाढवलं. म्हणून बाबांना एवढंच हवं होतं: "काका खोटं बोलला न्हाय, येवढं कुनीतरी शिकल्या मानसानं मना सांगावं."

आमच्या ओळखीतला शिकला माणूस म्हणजे तुम्ही.

मी आधी फक्त गोष्ट सांगितली. १९१४ चं ऐकून तुम्ही मोठ्यांदा हसलात. "अरे, ज्यानं पहिल्या लढाईत क्रॉस मिळवला तो दुसऱ्या लढाईत पन्नाशीचा होता, मेला नव्हता. जुना क्रॉस छातीवर लावूनच ते परत गेले. म्हातारासा अधिकारी म्हणालास ना? मग बरोबर जमतंय." मी पळतच गावी गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. मी सांगितलं तर दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग शेजारच्या आळीत जाऊन येतो म्हणाले, आणि बराच वेळ आले नाहीत.

पुढच्या रविवारी बाबा स्वतः तुमच्याकडे आले. लग्नातला शर्ट, पिशवीत वालाच्या शेंगा. क्रॉस रुमालात. त्यावर कुंकू होतं. तुम्ही हातमोजे घालून तो घेतलात, वीज जायची वाट बघत आपण चहा घेतला. बाबा लूमवर डबल शिफ्ट करणारे, त्यांना वीज जायची वाट बघणं अवघड जात होतं. शेवटी गेली. तुम्ही खिडकीत गेलात. कडेवरून भिंग फिरवलंत. उलटा केलात. परत कड. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि मला आधी कळलं.

"सांगता येत नाही," तुम्ही म्हणालात.

"म्हंजे?" बाबा म्हणाले.

"म्हणजे खरा आहे असंही मला म्हणता येत नाही, नकली आहे असंही नाही."

"बरं बरं," बाबा म्हणाले. पिशवीतल्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. "घरच्या हाईत." आणि क्रॉस तुमच्याकडेच ठेवून जिना उतरले. तुम्ही मला थांबवलंत.

कडेची फट सोनारानं डाग देऊन बुजवलेली होती, सगळीकडून, मन लावून. मागची पिन काढून टाकलेली, मागची बाजू कानशीनं गुळगुळीत केलेली, वर कडी जोडलेली, म्हणजे तो घरात खिळ्याला टांगता यावा. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रांबरोबर पूजेला मांडायचा म्हणून चिंचेनं घासलेला, त्यामुळे आकडे आणि मुकुट झिजलेले. खरेपणा जिथे जिथे दिसतो ती प्रत्येक जागा आमच्या घरानं मायेनं पुसून टाकली होती.

"सोनाराकडे कुणी नेला?" तुम्ही विचारलंत.

"बाबांनीच. लूमवर लागले तेव्हा."

तुम्ही खुर्चीत बसलात. "त्यांना यातलं काही सांगू नकोस. काकांचा पुरावा आपल्याच हातानं पुसला, हे घेऊन तो माणूस जगेल कसा?"

आणि मी हो म्हणालो. माझा राग इथून सुरू होतो, नाना.

कारण तुम्ही तुमच्या खोलीत राहिलात आणि मी घरी गेलो. घरी प्रत्येक सुट्टीत तोच प्रश्न: "काय बोलला तुझा मास्तर? अजून बघतोय का?" मी म्हणायचो, बघतायत. चुलतभाऊ हळदीच्या मांडवात सगळ्यांदेखत विचारायचा, "काय रं काशा, तुमचा बिल्ला पास झाला का नापास? का एटीकेटी?" लोक हसायचे. बाबा वाढायला उठायचे. मला कॉलेजात घातलं होतं ते कशासाठी, असं त्या वेळी त्यांना वाटत असेल का, हा विचार मी नको तेवढा केला.

मग मी येऊन तुमच्याशी भांडायचो. लूम चालू असताना भांडायचं म्हणजे ओरडावंच लागतं, त्यामुळे आपलं प्रत्येक भांडण होतं त्याहून मोठं वाटायचं.

"खरा आहे म्हणा ना एकदा! कुणाचं काय जातंय?"

"मला माहीत नसताना?"

"मग नकली म्हणा."

"तेही माहीत नाही."

"मग मला खरं कारण सांगू द्या त्यांना."

"ते तर मुळीच नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही. तुमच्यापेक्षा तो सोनार बरा, त्यानं काहीतरी केलं तरी!"

यावर तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत. चष्मा पुसत राहिलात. मग म्हणालात, "काशी, समज हा खरा निघाला. म्हणून धाकूची गोष्ट खरी ठरते का? खरा क्रॉस विडीच्या बंडलावरही घेता येतो. आणि नकली निघाला, तर त्यानं माणूस खेचरावरून आणलाच नाही असं होतं का? मी धातू बघतो रे. माणूस मला भिंगातून दिसत नाही."

"हे बाबांना सांगा," मी म्हणालो.

"त्यांना हे नकोय. त्यांना हो हवंय."

तुमचं बरोबर होतं, आणि त्यामुळेच मला जास्त चीड यायची. जो माणूस बरोबर असतो आणि आपल्या उपयोगाचा नसतो, त्याचं करायचं काय? तुम्ही मुंबईला माणसं विचारलीत, साबणाच्या वडीवर क्रॉसचे ठसे घेतलेत, झिजलेला मुकुट दहा क्रॉसशी ताडून बघितलात. हे सगळं मी बघत होतो. पण घरी नेता येईल असा एक शब्द तुम्ही दिला नाहीत.

गुडघ्यांसाठी तुम्ही अकलोलीच्या कुंडावर जायचात. एकदा मला सोबत नेलंत. धोतर वर खोचून, पाय गरम पाण्यात सोडून तुम्ही बसला होतात, आजूबाजूला वाफ आणि बायकांची गडबड. तुम्ही मध्येच विचारलंत, "धाकूनं त्या अधिकाऱ्याचं नाव विचारलं होतं का रे?" मी म्हटलं, आजोबांना जर्मन येत नव्हतं, आणि त्याला मराठी. तुम्ही मान हलवलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "मला तो खरा असावा असं फार वाटतं. म्हणूनच त्याच्याबद्दल बोलायला मी लायक राहिलो नाही." परतताना एसटीत तुम्ही झोपलात आणि तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी भिवंडीपर्यंत हललो नाही. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

दसऱ्याच्या आधी पूजेसाठी क्रॉस घरी न्यायला आलो, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "आता मी बाबांना सगळं सांगणार. माझ्यानं होत नाही." तुम्ही अडवाल असं वाटलं होतं. तुम्ही थकलेले दिसत होतात. म्हणालात, "सांग. पण दसऱ्याला नको. त्या दिवशी तो क्रॉस त्यांच्या हातात असेल." आणि मी नेमकं दसऱ्यालाच सांगितलं, कारण त्या दिवशी तो क्रॉस त्यांच्या हातात होता.

अंगणात पाटावर कोयते, नांगराचा फाळ, बाबांनी लूमवरून आणलेला जुना धोटा, असं सगळं मांडलं होतं. बाबा उकिडवे बसून क्रॉस चिंचेनं घासत होते. मी उभ्या उभ्याच बोललो. ती फट म्हणजे तडा नव्हता. तोच पुरावा होता. मागची पिन, तिच्याजवळचा शिक्का, तोही. नाना दोन वर्षं गप्प आहेत ते तुमच्यासाठी.

बाबांचा हात थांबला नाही.

"फट बुजवाया मी न्हाय सांगितलं," ते म्हणाले. "काका व्हता माज्यासंगं. सोनार म्हनत व्हता, ह्यो असाच घडवलेला हाय, ऱ्हाऊ द्या. काकाच म्हनला, न्हाय, बुजव. आत पानी जाईल, गंज खाईल. ज्याचा हाय त्याला मी सांगितलंय, नीट ठेवीन."

मी विचारलं, त्याला सांगितलं म्हणजे कसं? भाषा कुठली?

"मना काय ठाव? आपलीच आसंल. मरत्या मानसाला कुठली भाषा लागते?" मग त्यांनी वर बघितलं. "आनि येवढं तू दोन वर्सं पोटात ठेवलंस? मना वाईट वाटंल म्हनून? तू बी येडा आनि तुझा मास्तर बी येडा." ते हसत होते, नाना. खूप दिवसांनी मी त्यांना असं हसताना बघितलं. "त्याला म्हनावं, येवढा जीव जाळू नको. ह्या दिवाळीला जेवाया घेऊन ये त्याला." आणि पाटावरची आपट्याची पानं उचलून माझ्या हातात दिली. "माज्याकडनं दे. पाया पड त्याच्या."

मला माहीत आहे, हा पुरावा नाही. तुम्ही कड बघितली असती, मागची बाजू बघितली असती आणि पुन्हा तेच म्हणाला असतात. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. बाबांनी जे सांगितलं ते तुम्हाला सांगायचं, मग तुम्ही ‘सांगता येत नाही’ म्हणायचं, मग मी ओरडायचं. वाटभर मी हेच घोकत आलो. टेम्पोतून नाक्यावर उतरलो, पानं खिशात चुरगळू नयेत म्हणून हातातच धरली होती, आणि जिन्याशी रशीदचाचा उभे होते. त्यांनी माझा हात धरला आणि लूमच्या आवाजावरून ओरडून सांगितलं, "ऊपर मत जा बेटा, ताला है. नानासाब तो दसरे के एक दिन पहले ही गुज़र गए. तेरे को ख़बर करनी थी, मगर तेरे गाँव का नाम किसी को मालूम नहीं था."